जुन्या हॉटेलाचे बाकडे

कोल्हापूरचा मनुष्य पोटापाण्यासाठी मुंबईस किंवा परदेशी गेला आणि पुष्कळ वर्षांनी गावी परतला, म्हणजे आप्तेष्टांच्या भेटी आटोपताच त्याची पावले कोणीकडे वळतात, हे येथील रहिवाशांस सांगावयास नको. रंकाळ्याचा वारा खाऊन तो आपल्या पेठेतील जुन्या हॉटेलाची चौकशी करू लागतो. खासबाग, उद्यमनगर, कसबा बावडा, ज्याची त्याची निष्ठा निराळी. परंतु मागणी एकच. मोड आलेली मटकी, वर शेव-फरसाण, बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड, लालभडक कट आणि बाजूस पावाचे काप. पहिल्या घासासच कपाळावर घाम येतो आणि परगावच्या सर्व उपाहारगृहांचा निकाल तेथल्या तेथे लागतो.

आम्हीही असेच दीर्घ काळानंतर आमच्या जुन्या हॉटेलात जाऊन बसलो. चव पूर्वीचीच होती. परंतु आमचे लक्ष त्या बाकड्यावरच अधिक वेळ खिळून राहिले. एकाच बाकड्यावर तालमीतून आलेला पोरगा, रिक्षावाला, कचेरीत जाण्याच्या घाईतील कारकून आणि खेड्यातून बाजारास आलेले एक म्हातारे गृहस्थ दाटीवाटीने बसले होते. कोणी कोणास जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. 'जरा सरकून घ्या, पाव्हणं', एवढेच काय ते संभाषण झाले. हे दृश्य इतके नित्याचे आहे की, ते मुळापासून असेच असावे असे वाटते. पण ते तसे नव्हते. या बाकड्याला इतिहास आहे, आणि त्यातील एक थोर प्रकरण याच कोल्हापुरात घडलेले आहे. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंक्तीस बसावे, यांवर आपल्याकडे मनुष्याची जात टिकत असे किंवा जात असे. इ.स. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनात काही प्रतिष्ठित मंडळींस निमंत्रण होते. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. ती कोणी घेतली, कोणी तशीच ठेवली. परंतु हजर असलेल्यांची नावे पुढे वृत्तपत्रात छापून आली आणि शहरात एकच गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांची नावे त्यात गोवली गेली, आणि रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतले. एका पेल्यातील चहाचे मोल तेव्हा इतके होते!

पावाचीही कथा तीच. हा पदार्थ पोर्तुगीजांबरोबर गोमंतकात आला. त्याचे नावही त्यांच्याच भाषेतले. पाव खाल्ला म्हणजे मनुष्य बाटला, अशी समजूत पुष्कळ काळ होती, आणि ख्रिस्ती घरांतील थोरामोठ्यांनी या समजुतीपायी टोमणेही ऐकले असतील. आज तोच पाव कटात बुडवून खाल्ल्याखेरीज कोल्हापूरकरास न्याहारी झाल्यासारखे वाटत नाही. परंतु जी माणसे जन्मानेच अस्पृश्य ठरविली गेली, त्यांची वाट याहून पुष्कळच खडतर होती. त्यांस बाकड्यावर जागा नव्हती. चहा मिळालाच तर तो बाहेर, वेगळ्या ठेवलेल्या भांड्यात, आणि ते भांडे ज्याचे त्याने धुवावयाचे.

अशा काळात गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ कोल्हापूरच्या राजवाड्यात, घोड्यांच्या पागेत नोकरीस होते. राजर्षी शाहू छत्रपती परगावी गेले असता, स्पृश्य नोकरांसाठी राखलेल्या हौदास त्यांनी हात लावल्याचा आरोप झाला, आणि त्यांस बेदम मारहाण करण्यात आली. महाराज परतल्यावर गंगारामांनी त्यांस गाठून आपली पाठ दाखविली. अपराध्यांस शिक्षा झाली. परंतु महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्या चाकरीत पाण्यासाठी मार खावा लागतो, ती सोडून गंगारामांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे त्यांनी ठरविले आणि त्यासाठी साह्यही दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल घातले. त्याचे नाव 'सत्यसुधारक'.

हॉटेल स्वच्छ होते, चहा उत्तम होता. परंतु मालक अस्पृश्य, म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. हे महाराजांच्या कानी गेले. मग त्यांची गाडी त्या हॉटेलापुढे थांबू लागली. भर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, छत्रपती गंगारामांच्या हातचा चहा मागवून पीत, आणि बरोबरच्या मंडळींसही देववीत. राजानेच घेतल्यावर सरदारांनी व अंमलदारांनी नाही कसे म्हणावे? ज्यांस तो पेला तोंडास लावणे जड गेले, त्यांनाही तो लावावा लागला. आणि राजा जेथे चहा पितो, तेथे जाण्याची लाज मग रयतेस फार दिवस धरता येईना.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शाहू महाराजांनी हुकूम काढण्यात कसूर केली नव्हती. इ.स. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी राज्यातील निम्म्या जागा राखल्या. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१९ साली सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा व सरकारी इमारती यांत शिवाशिव पाळू नये, असे हुकूम झाले. आणि १९२० च्या मार्च महिन्यात माणगावच्या परिषदेत महाराज डॉ. आंबेडकरांच्या शेजारी उभे राहिले. एवढे हुकूम हाती असूनही त्यांस स्वतः गाडी थांबवून चहा प्यावा लागला. विहीर हुकमाने खुली करता येते, मन मात्र त्याने खुले होत नाही. त्यासाठी कोणी तरी पहिला घोट घ्यावा लागतो, असे त्यांनी जाणले होते.

महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत निवर्तले. पुढे १९२५ साली नर्सरी बागेत त्यांचे पहिले स्मारक उभे राहिले, आणि त्यासाठी पुढाकार घेणारे गंगाराम कांबळेच होते. राजाने प्रजेचे स्मारक उभारल्याची उदाहरणे थोडी, प्रजेने राजाचे उभारल्याची पुष्कळ. परंतु चहाच्या हॉटेलवाल्याने आपल्या धन्याचे ऋण असे फेडल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

भाऊसिंगजी रस्त्यावर जे एका राजाने केले, ते पुढे साऱ्या देशाचा कायदा झाला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत झाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले, आणि त्याच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांचा स्पष्ट शब्दांत उल्लेख आला: धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणाने कोणासही तेथे मज्जाव करता येणार नाही. १९५५ च्या कायद्याने तर हॉटेलातील भांडी वापरू न देणे हादेखील गुन्हा ठरविला. ज्या देशास पेल्यासाठी कायदा करावा लागला, त्या देशात तो पेला किती जणांस नाकारला गेला असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. आणि कायदा झाल्यावरही खेड्यापाड्यांतील वेगळी कपबशी लागलीच फुटली नाही, हेही विसरता कामा नये.

आज भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' ही पाटी दिसत नाही. परंतु त्या हॉटेलाचे खरे वारस म्हणजे शहरातील प्रत्येक बाकडे, जेथे नवागतास सरकून जागा दिली जाते. परगावी राहून आलेल्या मनुष्यास जुने हॉटेल प्रिय वाटते, ते चवीमुळे हे खरेच. परंतु चव घरच्या चुलीवरही साधता येते. अनोळखी माणसाच्या मांडीस मांडी लावून खाण्याचे सुख मात्र घरी मिळत नाही. जुन्या दिवसांची आठवण काढणे गोड असते. ती काढताना एवढेच विचारावे, की त्या दिवसांत या बाकड्यावर कोण बसत असे, आणि कोण बाहेर उभे राहत असे. ज्यांचे आजोबा बाहेर उभे राहिले, त्यांचीही आठवण या इतिहासात धरली, तरच तो पुरा होईल.

म्हणून आमची तरुण वाचकांस एवढीच विनंती आहे. गावी आलात, जुन्या हॉटेलात गेलात, तर कट अवश्य मागून घ्या. आणि दारात कोणी जागेसाठी घुटमळत असेल, तर आधी सरकून बसा.