व्हाउचर कुठाय?

आमचं विश्रामबाग म्हणजे सांगली आणि मिरज या दोन बहिणींच्या मधे बसवलेलं शेंडेफळ. नावात विश्राम आहे, बागही आहे. पण सकाळी सातच्या आत मोबाईलवरच्या ग्रुपात एखादा असाध्य रोग बरा केल्याशिवाय इथं कुणी विश्राम घेत नाही.

या सवयीला इतिहास आहे. कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ उघडलं. तेव्हा त्याची जाहिरात काय असणार? बरा झालेला पेशंट! तो गावी गेला, पारावर बसला, सदरा वर करून टाके दाखवले, की पुढच्या गाडीला चार नवे पेशंट मिरजेला निघाले असतील. ग्रुप म्हणतात तो हाच. फक्त त्याला चार्जिंग लागत नव्हतं.

पण पारावरून नुसते टाकेच फिरत नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तशी इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथं त्याला मारूनच टाकतात, अशी आवई उठली. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. पुढं १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी स्वतःच्या अंगावर प्लेगची लस टोचून घेतली. आवईला मात्र टोचून घ्यावं लागत नाही. ती जन्मतःच धट्टीकट्टी.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही माझ्या हातून जे व्हायचं ते झालंच.

चार वर्षांपूर्वी ग्रुपवर एक मजकूर आला. 'रोज सकाळी अमुक पानांचा रस, एकवीस दिवस. मधुमेह मुळासकट गायब. गोळ्या बंद!' खाली एका मोठ्या डॉक्टरांचं नाव आणि हात जोडलेली तीन चित्रं. मी तो बाबांना पाठवला. पुढं ढकलायला एकच बोट लागतं, डोकं लागत नाही. बाबांना वाटलं, मुलगा बी. कॉम. आहे, बँकेत आहे, वाचूनच पाठवलं असणार. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि आम्हाला सांगितलं नाही. एकविसाव्या दिवशी साखर चकित होईल, असा त्यांचा बेत होता.

अकराव्या रात्री आम्हीच चकित झालो. बाबा काहीतरी भलतंच बोलू लागले. रिक्षात घालून मिरज गाठली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?" सौ. माझ्याकडं बघत होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

चौथ्या दिवशी बाबा घरी आले. पण त्या तीन रात्री बाकावर बसून मी एकच हिशेब करत होतो. बँकेत दोनशे रुपयांचं व्हाउचर सहीशिवाय पास करत नाही. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी म्हणतो, "काका, सही जुळत नाही." आणि बापाच्या औषधाचं व्हाउचर? सही नाही, तारीख नाही, डोळे मिटून पास!

मग हा मोबाईल विहिरीत टाकावा काय? तसंही नाही. अमेरिकेत एका तरुणाला स्नायू निकामी करणारा ए. एल. एस. हा आजार झाला, तेव्हा त्याच्या भावांनी २००४ साली 'पेशंट्सलाइकमी' नावाचं संकेतस्थळ काढलं. पेशंटांनी तिथं जमायचं आणि आपापल्या दुखण्याची नोंद ठेवायची. २००८ साली लिथियमनं हा आजार मंदावतो, असा एक लहानसा अभ्यास छापून आला. तिथल्या कित्येकांनी डॉक्टरांकडून लिथियम मिळवून सुरू केलं. इथवरची गोष्ट आमच्या ग्रुपसारखीच. पण त्यांनी नोंदी ठेवल्या. लिथियम घेणारे १४९ जण, त्यांच्याशी मिळतेजुळते पण न घेणारे ४४७ जण, असा ताळा मांडला. २०११ साली निकाल छापला: फरक काही नाही. स्वतःच्याच आशेवर त्यांनी स्वतःच लाल शाईनं काट मारली. आमच्याकडं रसानं बरा झालेला सांगायला येतो. न झालेला कुठं येतो? तो मिरजेत असतो.

याच मोबाईलनं २०२० च्या एप्रिलपासून सरकारच्या 'ई-संजीवनी'वर घरबसल्या डॉक्टर दाखवला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा लगाम घातला. पण लगाम फोनला घातला. बोटाला कोण घालणार?

म्हणून ग्रुपवर काहीही उपचार आला, की हल्ली मी दोनच शब्द लिहितो: 'व्हाउचर कुठाय?' कुणी सांगितलं, किती जणांवर पाहिलं, न घेणाऱ्यांचं काय झालं? तीन जणांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. ॲडमिननं एकदा काढलं, पण त्याचं पासबुक भरायचं होतं म्हणून परत घेतलं.

बाबा आता सकाळी गोळी घेतात. घेण्यापूर्वी चिठ्ठी चष्म्याजवळ नेतात, डॉक्टरांची सही बघतात आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "सही जुळतेय. पास!"