गोव्याचा इंत्रूज आणि शालेय इतिहास

शालेय इतिहासांत राजे, लढाया व तह यांस जें स्थान मिळतें त्याचा शतांशहि सणांच्या वांट्यास येत नाहीं. आणि आला तरी तेथें वर्णन असतें, इतिहास नसतो. गोव्याच्या कार्निव्हलासंबंधानें ही उणीव विशेष जाणवते. कांहीं काळापूर्वीं सातव्या इयत्तेच्या एका वर्गापुढें या विषयावर बोलण्याचा प्रसंग आम्हांस आला. बोलणें संपतांच एका मुलीनें विचारलें, “मोमो राजा कोणत्या घराण्याचा? त्यानें गोव्यावर किती वर्षें राज्य केलें?” वर्ग हंसला, आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. जें दरवर्षीं थाटानें मिरवतें तें फार पुरातन असलें पाहिजे, ही समजूत केवळ त्या मुलीची नव्हे. पुष्कळ जाणत्यांचीहि तीच आहे. त्या प्रश्नाचें सरळ उत्तर देतां यावें एवढ्याच हेतूनें येथें या सणाच्या इतिहासाचा थोडक्यांत परामर्श घेतला आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. ‘कार्निव्हल’ हा शब्द मांसाशन दूर सारणें अशा अर्थाच्या मध्ययुगीन लॅटिन-इटालियन शब्दांपासून निघाला, असें मत सामान्यतः मान्य आहे. ईस्टरपूर्वीं ख्रिस्ती लोक जो चाळीस दिवसांचा उपवासकाल पाळतात, त्याच्या तोंडाशीं हा उत्सव येतो. गोव्याच्या खेडोपाडीं मात्र जुनें नांव ‘इंत्रूज’ असें आहे. हें पोर्तुगीज ‘एंत्रूदु’ याचें कोंकणी रूप असून त्याचें मूळ ‘प्रवेश’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. उपवासकालांत प्रवेश करण्याचे हे दिवस. एकाच सणाचीं दोन नांवें असलीं, तर एक त्यागाकडे बोट दाखवितें व दुसरें उंबरठ्याकडे, ही गोष्ट मुलांस सांगितली असतां शब्द हाहि इतिहासाचा पुरावा असूं शकतो, हें त्यांस सहज उमगतें.

दुसरा प्रश्न कालगणनेचा. इंत्रूज म्हणजे आमच्याच शिमग्याचें ख्रिस्ती रूप होय, असें विधान वारंवार ऐकूं येतें. रंग, सोंगें, थट्टामस्करी हीं दोहोंकडे आहेत हें खरें. परंतु तिथि काय सांगते? ईस्टर हा २१ मार्च रोजीं वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार. आणि इंत्रुजाचा शेवटचा मंगळवार त्याच्या ४७ दिवस आधींचा. म्हणून तो ३ फेब्रुवारी ते ९ मार्च या मर्यादेंत फिरतो. पौर्णिमेनंतर आठवड्याच्या आंत येणाऱ्या रविवारापासून ४७ दिवस मागें मोजीत गेल्यास आपण अमावास्येच्या आसपास पोंचतों. होळी मात्र फाल्गुनी पौर्णिमेची. इ. स. २०२४ सालीं हा मंगळवार १३ फेब्रुवारीस पडला व होळी २४ मार्चला पेटली; २०२५ सालीं तो ४ मार्चला व होळी १३ मार्चला. एकदां अंतर ४० दिवसांचें, एकदां नऊच. एक सण अंधाऱ्या रात्रींचा व दुसरा चांदण्याचा असतां एकास दुसऱ्याचें रूपांतर म्हणणें घाईचें होईल. हिंवाळा सरतांना मनुष्यमात्रास जो उल्हास होतो, त्यांतून उभयतांचें साम्य उपजलें असावें, एवढेंच म्हणणें आम्हांस सयुक्तिक वाटतें. हें गणित पंचांग व तारीखपत्रक पुढें ठेवून मुलांकडूनच करवावें.

आतां गोव्याकडे वळूं. पोर्तुगीजांनीं गोवें शहर १५१० सालीं घेतलें. बारदेश व साष्टी हे प्रांत १५४३ सालीं त्यांच्याकडे गेले. पेडणें, फोंडें इत्यादि महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांस मिळाले. इंत्रूज मुख्यतः पहिल्या भागांत रुजला व शिमगा दुसऱ्यांत अधिक टिकला, याचें कारण या सनावळींत आहे. जुन्या इंत्रुजांत मिरवणूक नव्हती. पिठाच्या कागदी पुड्या, अंडीं, रंग व पाणी एकमेकांवर फेंकावें, मुखवटे घालून ओळखीच्या घरावर वाद्यांसह अवचित ‘धाड’ घालावी, आणि साष्टीच्या गांवांतून अंगणांत उभें राहून ‘खेळ’ करावे, असा तो प्रकार असे. या खेळांत गांवांतील बड्या मंडळींच्याहि उणिवांवर बोट ठेवण्याची मुभा असे. चार दिवस लहानानें मोठ्यास हंसावें व पांचव्या दिवशीं कपाळाला राख लावून सर्वांनीं नम्र व्हावें, हें या सणाचें मर्म होय.

याच इंत्रुजाच्या सोमवारीं साष्टींतील चांदोर येथें ‘मुसळखेळ’ होतो. चांदोर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, कदंबांची एके काळची राजधानी. तेथील ख्रिस्ती पुरुष हातांत मुसळें घेऊन, भूमीवर आघात करीत, जुन्या कोंकणींत गात फिरतात. विजयनगरच्या हरिहरानें चोळांवर मिळविलेल्या विजयाचें हें स्मारक, अशी लोकसमजूत आहे. येथें संशोधकानें थांबलें पाहिजे. चोळांची सत्ता १२७९ च्या सुमारास संपली. विजयनगरची स्थापना परंपरेनें १३३६ सालची. आणि गोवें विजयनगरकडे आलें तें चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. तेव्हां ही कथा आहे तशी स्वीकारतां येत नाहीं. पण म्हणून ती टाकाऊहि नव्हे. धर्मसमीक्षणाच्या न्यायालयाचा अंमल गोव्यांत १५६० पासून, मधला थोडा खंड वगळतां, १८१२ पर्यंत होता. १७३६ च्या फर्मानानें तर नवख्रिस्त्यांच्या अनेक देशी चालीरीति निषिद्ध ठरविल्या. असें असतांहि धर्मांतरित समाजानें विजयनगरची आठवण मुसळाच्या ठेक्यावर जपली, ही गोष्ट कोणत्याहि ताम्रपटाइतकी बोलकी आहे. दंतकथेचें साल चुकूं शकतें, तरी ती जपणाऱ्यांचें मन तींत खरेंच उतरलेलें असतें. मुलांस हा भेद एकदां कळला, कीं पुढें कोणतीहि बखर ती डोळसपणें वाचतील.

आतां मोमो राजा. ‘मोमुस’ हा ग्रीक कथांतील उपहासाचा देव. त्याचा राजा झाला तो कार्निव्हलाच्या खेळांत. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस गोव्यांतील उत्सवास उतरती कळा लागली होती. १९ डिसेंबर १९६१ रोजीं ती राजवट संपली, आणि १९६५ सालीं पणजीस रथांची मिरवणूक निघाली. तींत तिमोतियो फर्नांडिस हे पहिले मोमो झाले. शनिवारीं नगरांत येऊन खाण्यापिण्याचें व आनंदाचें फर्मान काढणारा हा राजा, त्याचे रथ व त्यामागचा प्रवाशांचा मेळा हें सर्व त्यानंतरचें. इंत्रूज शतकांचा, मिरवणूक कालपरवांची. जाहिरातींत दोहोंस एकच वय दिलें जातें, तें चूक आहे.

या चुकीनें बिघडतें काय, असें कोणी विचारील. बिघडतें तें असें. मिरवणूक म्हणजेच सण असें ठरल्यास अंगणांतला खेळ, आजीनें शिवलेला मुखवटा व चांदोरचें मुसळ हीं इतिहासांतून गळतात. आणि शेजारच्या बांकावर बसणाऱ्या ख्रिस्ती मुलाचा वारसा म्हणजे केवळ नाचगाणें व मद्य, असा हलका ग्रह इतर मुलांच्या मनांत घर करतो. उलट, हें सर्व परकीय म्हणून झटकणें हाहि तितकाच अन्याय. यास्तव शिक्षकांस आमची सूचना अशी, कीं प्रत्येक विद्यार्थ्यानें घरच्या वा शेजारच्या एका वृद्धास तुमच्या लहानपणीं इंत्रूज किंवा शिमगा कसा होई, असें विचारून तें लिहून आणावें. त्याजवळ सांगणाऱ्याचें वय व गांव नोंदावें. आणि वर्गांत तीं टिपणें परस्परांशीं ताडून पाहावीं. संशोधनाचा पहिला धडा याहून निराळा नाहीं.

त्या मुलीस आम्हीं इतकेंच सांगितलें, कीं मोमोचें राज्य वर्षाला चारच दिवसांचें असतें व त्याचें घराणें १९६५ सालीं सुरू झालें. तिनें तें वहींत लिहून घेतलें आणि लगेच पुढचा प्रश्न केला, “मग त्याच्या आधीं तेथें कोण होतें?” वरील लेख हें त्या प्रश्नाचें उत्तर समजावें.