आज्ञापत्रातील वृक्षलागवड
इ. स. १७१५ च्या सुमारास कोल्हापूरकर संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’तील आरमारप्रकरण सुपरिचित आहे. आंबा-फणसाची झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. सबब जीर्ण झाडही धन्यास राजी करून व मोल देऊनच तोडावे, असा त्यातील आशय आहे.

दुर्गप्रकरणातील आज्ञेकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही. गडावरील मूळची झाडे राखावीत. शिवाय आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ हे थोर वृक्ष, लिंबू-नारिंगासारखी लहान झाडे, फुलझाडे व वेली लावून जतन कराव्यात, असे अमात्य तेथे सांगतात. विशेष हे की, उपयुक्त व निरुपयोगी असा भेद ते करीत नाहीत. प्रसंगी निदान लाकूड तरी कामास येईल, एवढे कारण त्यांस पुरेसे वाटते.

वेढा पडलेल्या गडास बाहेरून सरपणही मिळणे कठीण, हे ध्यानी घेतले म्हणजे या आज्ञेचे मर्म उलगडते. धान्य व पाणी यांप्रमाणेच झाड हीही गडाची बेगमीच होय. वृक्षतोडीचा निर्बंध शिकविताना लागवडीची ही आज्ञाही विद्यार्थ्यांपुढे ठेविली पाहिजे. त्यावाचून अमात्यांचा वृक्षविचार पुरता समजणार नाही.