सालेकसा येथील पृथ्वी

गोंदियाहून डोंगरगडाकडे जाणाऱ्या आगगाडीस वाटेंत सालेकसा हें लहानसें स्टेशन लागतें. पूर्वेस छत्तीसगड, उत्तरेस मध्यप्रदेश, आणि सभोंवार अरण्य. या गांवाचें स्थान कोणतें असें विचारल्यास आजचा विद्यार्थी खिशांतील फोन काढून अक्षांश सुमारें २१.३ व रेखांश सुमारें ८०.५ असें सांगून मोकळा होईल. पण हे अंश कोणत्या पृथ्वीवर मोजले, असें पुसतांच तो गोंधळेल. पृथ्वी एकच खरी. परंतु गणितज्ञांनीं कल्पिलेल्या पृथ्वी अनेक आहेत, आणि त्यांपैकीं एकीचा इतिहास आमच्या विदर्भाशीं निगडित आहे.

विल्यम लॅम्बटन यानें १८०२ सालीं मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी देशभर पसरविण्यास आरंभ केला. नागपूरकडे जात असतां २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला, व त्याच मातींत तो विसावला. त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यानें या मोजणीच्या आधारें १८३० सालीं पृथ्वीचा लंबगोल आकार ठरविला. हा आकार हिंदुस्थानच्या भूमीस चांगला जुळतो. साऱ्या जगास जुळावा अशी त्याची प्रतिज्ञा नव्हती. उपग्रहांच्या युगांत मान्य झालेल्या १९८४ च्या जागतिक लंबगोलाची विषुववृत्तीय त्रिज्या त्याहून आठशेंहून अधिक मीटरांनीं मोठी आहे, आणि दोहोंचे मध्यबिंदूही कित्येकशें मीटर अंतरावर पडतात.

सालेकसा ज्यांत येतें तो ६४-सी या क्रमांकाचा जुना सर्वेक्षण-नकाशा एव्हरेस्टच्या पृथ्वीवर काढलेला आहे. त्यावरील अंश जसेच्या तसे आजच्या पडद्यावरील नकाशांत घातले, तर बिंदु शेंदोनशें मीटर सरकतो. म्हणून संगणकास आधीं त्या अंशांवरून पृथ्वीच्या पोटांतून मोजलेलीं तीन अंतरें काढावीं लागतात, त्यांत मध्यबिंदूंचा फरक मिळवावा लागतो, मग नव्या लंबगोलावर परत अंश काढावे लागतात, आणि शेवटीं ते सपाट पडद्यावर पसरावे लागतात.

या शेवटच्या पायरीचीही गंमत आहे. मर्केटरनें १५६९ सालीं खलाशांसाठीं जी रीति काढली, तीच वेबवरील नकाशांनीं पत्करली. मात्र हिशेब सोपा व्हावा म्हणून सूत्रांत पृथ्वी निखळ गोल धरली. हे आंकडे कोणी लंबगोलाच्या सूत्रानें उलगडले, तर सालेकसा चौदा किलोमीटरांहून अधिक उत्तरेस जातें. शिवाय या अक्षांशावर ही रीति लांबी सुमारें सात टक्के फुगविते. पडद्याच्या मीटरांत मोजलेली एक हेक्टर जमीन त्यामुळें १.१५ हेक्टर भरते. दुसरी एक रीति पृथ्वीचे सहा सहा अंशांचे पट्टे पाडते. त्यांत पुणें ४३ व्या पट्ट्यांत, सालेकसा ४४ व्यांत. पुण्याच्या संवयीनें कोणी ४३ लिहिलें, कीं सालेकसा थेट खानदेशांत दोंडाईच्याच्या आसपास जाऊन बसतें! एवढी मोठी चूक निदान लगेच उघडकीस येते. शेंदोनशें मीटरांची चूक मात्र लपून राहते, आणि आमच्या मतें तीच अधिक घातक.

कारण या भागांत ती कागदावरच राहत नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें पिढ्यान् पिढ्या वनांत राहणाऱ्यांस कसत असलेल्या जमिनीवर हक्क सांगतां येतो, व त्यासाठीं उपग्रह-यंत्रानें शेताचे कोपरे टिपले जातात. यंत्राची पृथ्वी एक व जुन्या वन-नकाशाची दुसरी असली, आणि मधलें रूपांतर राहून गेलें, तर एकाद्या गोंड शेतकऱ्याचें एक-दोन एकरांचें शेत सबंधच जागचें हालून शेजाऱ्याच्या बांधांत किंवा ओढ्याच्या पात्रांत जाऊन पडेल. २०१२ च्या सुधारलेल्या नियमांनीं उपग्रहाचें चित्र इतर पुराव्यास पूरक मानलें, त्याची जागा घेणारें मानलें नाहीं. गांवांतील वृद्धाची लेखी जबानी हाही त्या नियमांत पुरावाच आहे. आणि तो वृद्ध बांधावर उभा राहून जागा दाखवितो, तेव्हां तिचें रूपांतर करावें लागत नाहीं.