वारसा यादीतील इमारत आणि दुरुस्तीचा भार

केंद्र शासनाचा १९५८ चा प्राचीन स्मारकविषयक कायदा शंभर वर्षांहून जुन्या, राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना संरक्षण देतो. लेणी आणि किल्ले यांच्यासाठी तो योग्य असला, तरी ज्यांत माणसे राहतात, कचेऱ्या भरतात अशा शहरी इमारतींना त्याचा फारसा उपयोग नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी राज्य शासनाने २१ एप्रिल १९९५ रोजी मुंबईची वारसा नियमावली लागू केली. विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ वा नियम तो हाच. सहाशेहून अधिक नोंदींची यादीही तिच्यासोबत आली.

यादीतील वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, राजाबाई टॉवर यांसारख्या वास्तू येतात. त्यांच्या बाह्यरूपात वा अंतर्भागात बळकटीसाठी अपरिहार्य असेल तेवढाच बदल करता येतो. दुसऱ्या श्रेणीत अंतर्गत फेरफारांस वाव असतो. तिच्या 'ब' उपवर्गात त्याच आवारात वाढीव बांधकामही संभवते. तिसरी श्रेणी रस्त्याच्या एकूण रूपासाठी महत्त्वाच्या इमारतींची असून तेथे बंधने बरीच सैल आहेत. 'हेरिटेज' हा शब्द ऐकताच घाबरणाऱ्या रहिवाशांनी प्रथम आपली श्रेणी पाहावी, हे बरे! याखेरीज मरीन ड्राइव्ह किंवा फोर्टसारखे संपूर्ण परिसरही यादीत आहेत. तेथे एकेका इमारतीपेक्षा संपूर्ण रांगेचे मोल अधिक मानले जाते.

यादीत भर घालण्यापूर्वी वा तीतून नाव वगळण्यापूर्वी हरकती व सूचना मागवाव्या लागतात. परवानगी देण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांचा. मात्र त्यासाठी वारसा संवर्धन समितीचा सल्ला घ्यावा लागतो. अपवादात्मक प्रसंगी आयुक्त तो डावलू शकतात, परंतु त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि हा अधिकार कनिष्ठ अधिकाऱ्याकडे सोपविता येत नाही.

खरी अडचण पैशाची आहे. नियमावलीनुसार देखभाल व दुरुस्ती हे मालकाचेच कर्तव्य होय. स्वतःच्या मालकीच्या इमारती वगळता शासन वा महापालिका त्यास बांधील नाही. दक्षिण मुंबईतील पागडीच्या इमारतींत भाडी दशकानुदशके गोठलेली. त्या उत्पन्नातून सागवानी जिने आणि कोरीव सज्जे राखायचे कसे? ज्या मालकाचे बांधकामाचे हक्क यादीमुळे खुंटतात, त्याला ते हस्तांतरित करून अन्यत्र वापरण्याची सोय आहे. पण ही भरपाई न बांधलेल्या मजल्यांची. गळक्या छपराची नव्हे.

म्हणूनच २०१२ मध्ये यादीत मोठी भर घालण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध झाला, तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी तीव्र विरोध केला. तेथील तीन-चार मजली, आर्ट डेको धाटणीच्या इमारतींचा पुनर्विकास रखडेल ही त्यांची भीती होती. २०१८ मध्ये मुंबईसाठी नवी विकास नियमावली आली. वारशाची तरतूद तीत ५२ व्या नियमात आहे; श्रेणी आणि समिती ही रचना कायम राहिली. त्याच वर्षी युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. मरीन ड्राइव्हवरील अनेक निवासी इमारती त्या समूहात आहेत.