दोष एकाचा, दंड बॅटरीला

मोटार सुरू झाली नाही की आपण तत्काळ निकाल देतो : "बॅटरी गेली!" हा निकाल पुष्कळदा चुकतो. तो का चुकतो, हे समजून घेण्यास या यंत्राचा इतिहासच उपयोगी पडतो, असे आम्हांस वाटते.

शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लान्ते याने १८५९ साली तयार केली. मोटारीत तिला खरे महत्त्व आले ते मात्र १९१२ च्या कॅडिलॅक गाडीपासून. तोपर्यंत चालकाला गाडीपुढे उभे राहून हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडण्याचे भय. अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर बसवून हे भय घालविले.

पण बॅटरी हा हौद आहे, झरा नव्हे. उपसलेला हौद पुन्हा भरण्याचे काम डायनॅमोकडे आले. त्याची खोड अशी की, इंजिन सावकाश फिरत असता तो जेमतेमच वीज देई. पुढे सिलिकॉनचे डायोड हाती आले आणि १९६० च्या क्रायस्लरच्या व्हॅलियंट गाडीत डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. मंद गतीतही पुरेशी वीज मिळू लागली.

यंत्र बदलले, परीक्षा मात्र जुनीच राहिली. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढायची. इंजिन चालत राहिले तर डायनॅमो ठीक, बंद पडले तर बिघडला, अशी ती रीत. अल्टरनेटरच्या गाडीत हेच केले तर विजेचा दाब एकाएकी उसळतो आणि डायोड जळू शकतात. म्हणजे नसलेला रोग वैद्यानेच लावावा, तशातली गत!

खरी तपासणी सोपी आहे. प्रथम अल्टरनेटरचा पट्टा सैल नाही ना, बॅटरीच्या टोकांवर क्षार साचले नाहीत ना, हे पाहावे. मग व्होल्टमीटर लावावा. गाडी बराच वेळ बंद असता १२ व्होल्टांची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन सुरू केल्यावर हा आकडा सामान्यतः १४ च्या आसपास चढावा. काही नव्या गाड्यांत संगणक तो खालीवर करतो, एवढे ध्यानात ठेवावे. आकडा मुळीच चढला नाही, तर हौदात पाणी येतच नाही. अशा वेळी नवी बॅटरी घातली तरी तीही लवकरच रिकामी होणार.

गाडीवर पोट असलेल्या माणसाला नव्या बॅटरीचा खर्च हा अनेक दिवसांच्या कमाईचा प्रश्न असतो. म्हणून समोर सापडला त्यालाच आरोपी ठरवू नये; आधी पुरावा मोजावा, मग दंड करावा.