आधी सावली, मग सौर पॅनेल

विद्यार्थी-उद्योजकांसाठी विद्यापीठात इमारत बांधायची म्हटली की दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात. ती काचेची आणि पूर्ण वातानुकूलित असली तरच स्टार्टअपला शोभते. आणि गच्चीवर सौर पॅनेल बसली की ऊर्जाबचत झालीच. खानदेशात ही दोन्ही गृहीतकं टिकत नाहीत.

पूर्वपक्षाचं म्हणणं असं: जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो, अशा वेळी मुलांना नुसत्या पंख्याखाली बसवणं अन्यायाचं, आणि वीज तर सूर्यच देतो. यातला उन्हाचा भाग खराच आहे. पण पॅनेल वीज तयार करतं, भिंतीवरचं ऊन अडवत नाही. पश्चिमेकडची काच तापते ती दुपारी तीन-चारनंतर, पॅनेलचं उत्पादन उतरू लागतं त्याच सुमारास. शिवाय विद्यार्थ्याचा उद्योग वर्ग सुटल्यावर सुरू होतो आणि रात्रीपर्यंत चालतो. म्हणजे गरज सर्वांत जास्त, तेव्हा सूर्य मावळलेला.

जळगाव साधारण २१ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, म्हणून सर्वांत मोठा मार छपराला बसतो. दक्षिणेच्या खिडकीला बेताचा छज्जा पुरतो. पूर्व-पश्चिमेचं तिरपं ऊन मात्र छज्जा अडवू शकत नाही. म्हणून इमारत पूर्व-पश्चिम लांब हवी, जिने आणि भांडारखोल्या पश्चिमेला, गच्चीवर उष्णतारोधक थर आणि वर पांढरा चिनी मोझॅक.

जळगावातल्या पिंप्राळ्यासारख्या जुन्या गावठाणांचा दाखला देऊन काही जण म्हणतील, मग जाड मातीच्या भिंतींची धाब्याचीच घरं बांधा. तेही मला पटत नाही. जाड मातीची भिंत दिवसभर शोषलेली उष्णता संध्याकाळी आत सोडते, आणि आपले विद्यार्थी नेमके तेव्हाच आत असतात. जाड भिंत चालेल, पण ती सावलीत हवी आणि रात्रीचा गार वारा इमारतीतून आरपार वाहायला हवा.

एप्रिल-मेची कोरडी हवा ही इथली मोठी सोय आहे. अहमदाबादच्या टॉरेंट संशोधन केंद्रात १९९०च्या दशकात मनोऱ्यांतून पाण्याचे तुषार सोडून हवा गार करण्याची पद्धत वापरली गेली, आणि तीही प्रयोगशाळांच्या इमारतीत. आपल्याकडचा कूलर याच तत्त्वावर चालतो. दीड टनाचा एसी दीड किलोवॉटच्या आसपास वीज घेतो, मोठा कूलर त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात भागवतो. पावसाळ्यात, दमट हवेत, कूलर निकामी होतो. तेव्हा खिडक्या उघड्या आणि कमी विजेवर चालणारे बीएलडीसी पंखे. एसी लागेल तो सर्व्हरला, मोजमापाच्या नाजूक उपकरणांना आणि एखाद्या बैठकीच्या खोलीला. तेवढा जरूर द्यावा.

आणि इथला विद्यार्थी फक्त ॲप बनवणार नाही. केळीच्या खोडाचा धागा, डाळीवरची प्रक्रिया, ठिबकचे सुटे भाग यांवर तो काम करेल. त्याला धूळ आणि आवाज सोसणारी, उंच छताची, दोन्ही बाजूंनी उघडणारी कार्यशाळा लागते. काचेच्या बंद पेटीत हे काम होत नाही.

१९९०मध्ये स्थापन झालेल्या, बांभोरीजवळ गिरणाकाठच्या आपल्या विद्यापीठाला एवढीच विनंती: अशा इमारतीचा आराखडा पुढे आला की पॅनेल किती किलोवॉटची, हे नंतर विचारा, पश्चिमेच्या भिंतीवर काय आहे, हे आधी विचारा.